अंडी उबवणारा नर आणि झुंजणारी मादी: कमळपक्षी, पाणलावा आणि त्यांचे भाऊबंद

प्रश्न असा आहे: कमळपक्ष्यात अंडी नर उबवतो, पाणलाव्यात रंगाने उठून दिसते ती मादी, आणि समुद्रघोड्यात तर नराच्या पोटावरच्या पिशवीतून पिल्ले बाहेर पडतात. मग या प्राण्यांत मादीने नराची जागा घेतली असे समजायचे का? प्रियाराधन नेमके कोण करते? आणि इतर बहुतेक प्राण्यांत जे दिसते त्याच्या उलट येथे का घडले असावे?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. अन्नसाठा असलेली मोठी जननपेशी, म्हणजे अंडे, जिच्या शरीरात तयार होते ती मादी, आणि लहान, हालचाल करणारी शुक्रपेशी ज्याच्या शरीरात तयार होते तो नर, ही व्याख्या कमळपक्ष्यालाही लागू पडते आणि समुद्रघोड्यालाही. ती कोठेही उलटलेली नाही. उलटतात त्या तीन निराळ्या गोष्टी: पिल्लांचा भार कोण वाहतो, जोडीदारासाठी कोण भांडतो, आणि शरीराने, रंगाने किंवा आवाजाने कोण अधिक ठळक असतो. या तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र उलटतात असा समज असल्यामुळे बहुतेक गोंधळ होतो. प्रत्यक्षात कोठे तिन्ही उलटलेल्या दिसतात, कोठे दोन, तर कोठे एकच. म्हणून प्रत्येक प्राण्याविषयी हे तीन प्रश्न सुटे करून विचारावेत, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे हा विषय समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत, नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत, गोव्यातल्या करमळीच्या तळ्यात, कमळे किंवा शिंगाड्याचे वेल पसरलेल्या कोणत्याही शांत पाण्यावर कमळपक्षी दिसतो. त्याची लांब बोटे आणि नखे शरीराचा भार तरंगत्या पानांवर पसरवतात आणि त्यामुळे तो पाण्यावर चालल्यासारखा वाटतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याला विणीच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे साधारण पावसाळ्यात, काळपट तपकिरी अंग, पांढरे पंख, मानेमागे सोनेरी पट्टा आणि लांब बाकदार शेपूट येते. ही शेपूट नर व मादी दोघांनाही येते. रंगावरून किंवा शेपटीवरून त्यांच्यात फरक करता येत नाही. फरक आहे तो आकाराचा, मादी नराहून ठळकपणे मोठी असते. कांस्यपंखी कमळपक्षी या दुसऱ्या जातीत तर मादीचे वजन नराच्या वजनापेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी अधिक भरते. म्हणजे भूमिका उलटलेल्या पक्ष्यांचे आपले सर्वांत ओळखीचे उदाहरण घेतले, तर त्यात मादी नराहून अधिक रंगीत नाहीच. ती मोठी आहे, कारण तिला दुसऱ्या माद्यांशी भांडून जागा राखावी लागते.

कमळपक्ष्याची मादी पाण्याचा एक मोठा तुकडा आपल्या ताब्यात ठेवते आणि त्या तुकड्यात एकाहून अधिक नर आपापल्या छोट्या जागा धरून राहतात. एका नराच्या घरट्यात ती चार चकचकीत, भोवऱ्याच्या आकाराची अंडी घालते आणि तेथील तिचे काम बहुतांशी संपते. नर ती अंडी सुमारे 26 दिवस उबवतो, आणि पिल्ले बाहेर आल्यावर त्यांना चारायला नेणे व त्यांचे रक्षण करणे हेही तोच करतो. घरटे म्हणजे तरंगत्या वनस्पतींचा जेमतेम ढीग असतो. तो बुडू लागला किंवा कोणी वारंवार जवळ येऊ लागले, तर नर अंडी चोचीने व छातीने ढकलत, ओढत दुसऱ्या जागी नेतो. दरम्यान मादी दहा-बारा दिवसांत दुसरी चार अंडी देण्यास तयार असते, आणि ती अंडी दुसऱ्या नराच्या घरट्यात जातात. यालाच बहुपतित्व म्हणतात. पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जातींत हा प्रकार फारच थोड्यांत, एक टक्क्याच्या आसपास, आढळतो.

आता या व्यवस्थेत प्रियाराधन कोण करते, या प्रश्नाकडे वळू. ‘उलटलेली भूमिका’ म्हटले की आपण अशी कल्पना करतो की मादी नराभोवती नाचत असेल आणि नर निवड करत बसला असेल. कमळपक्ष्याच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे. स्टुअर्ट बुचार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात कांस्यपंखी कमळपक्ष्याचा जो अभ्यास केला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात एका मादीच्या ताब्यातील क्षेत्रात चारपर्यंत नर आढळले, आणि हे नर मोठ्याने ओरडून मादीला आपल्याकडे बोलावत असल्याचे दिसले. सोबतीचे नर जितके अधिक, तितके हे ओरडणेही अधिक. कारण उघड आहे. मादीचा वेळ आणि तिची अंडी ही चौघांत वाटली जाणारी गोष्ट आहे, आणि जो नर गप्प बसेल त्याच्या घरट्यात अंडी पडण्याची शक्यता कमी होते. म्हणजे क्षेत्रासाठी माद्या माद्यांशी लढतात आणि त्याच वेळी एका मादीच्या लक्षासाठी नर नरांशी स्पर्धा करतात. स्पर्धा एका लिंगाकडून उचलून दुसऱ्याकडे पूर्णपणे ठेवली गेली असे येथे घडलेले नाही, आणि मला या पक्ष्यातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

या स्पर्धेची कठोर बाजूही सांगितली पाहिजे. स्टीफन एम्लेन आणि सहकाऱ्यांनी पनामामध्ये तेथील कमळपक्ष्याच्या जातीवर एक प्रयोग केला आणि तो 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. ताबा असलेल्या माद्या तेथून हलवल्यावर त्यांची जागा घेणाऱ्या नव्या माद्यांनी आधीच्या मादीची पिल्ले मारली किंवा हुसकावून लावली, आणि पिल्ले गेलेला नर लवकरच नव्या मादीशी समागम करू लागला. सिंहांच्या कळपाचा ताबा घेणारे नवे नर पूर्वीच्या नराचे छावे मारतात हे अनेकांनी वाचलेले असते. येथे तेच गणित मादीच्या बाजूने मांडले गेले आहे. पिल्लांत गुंतलेला नर नव्या मादीच्या उपयोगाचा नसतो, आणि पिल्ले नसलेला नर ताबडतोब उपयोगाचा ठरतो. पनामातील याच जातीच्या पितृत्वाची जनुकीय तपासणी झाली तेव्हा असेही आढळले की, मादी एकाच काळात अनेक नरांशी समागम करत असेल, तर काही नर दुसऱ्याची पिल्ले वाढवत असतात. बहुपतित्वाची ही किंमत नराला मोजावी लागते. असे असूनही तो घरटे का सोडत नाही, याचे उत्तर पुढे कारणांच्या चर्चेत येईल.

तिन्ही गोष्टी एकत्र उलटलेल्या पाहायच्या असतील, तर पाणलाव्याकडे जावे. भातखाचरांच्या बांधालगत, पाणगवताच्या आडोशाला राहणारा हा पक्षी दिवसा फारसा दिसत नाही. मादीची मान व छाती गडद तांबूस तपकिरी, डोळ्याभोवती स्वच्छ पांढरा पट्टा आणि अंगावर हिरवट झाक. नर फिका, करडा, पंखांवर सोनेरी-बदामी ठिपके असलेला. गवतात घरट्यावर बसलेल्या नराला हा फिकेपणा फार उपयोगी पडतो, कारण समोरून पाहणाऱ्याला तो वाळलेल्या गवतापासून वेगळा काढता येत नाही. संध्याकाळ झाल्यावर आणि रात्री मादी घुमणारा, एकसारखा आवाज काढते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जसा आवाज येतो तसा तो ऐकू येतो, आणि शांत रात्री तो दूरपर्यंत पोहोचतो. या आवाजामागे शरीररचनाही आहे: मादीची श्वासनलिका नराच्या नलिकेपेक्षा लांब व वळणदार असते. नरासमोर ती पंख आणि शेपूट पसरून त्यांवरील गोल ठिपके दाखवते. हेच पंख पसरणे धोका वाटल्यावर समोरच्याला घाबरवण्यासाठीही वापरले जाते, आणि ते नरही करतो. म्हणून केवळ पंख पसरलेला पक्षी पाहून ते प्रियाराधन आहे असा निष्कर्ष काढू नये.

माळरानावर आणि शेतांच्या कडेला राहणाऱ्या पट्टेरी बटनक्वेलमध्येही तोच प्रकार दिसतो. लाव्यासारखा दिसणारा, पण पायाला तीनच बोटे असलेला हा छोटा पक्षी. विणीच्या काळात मादीचा गळा काळा होतो, ती नराहून मोठी असते, आणि तिचा घुमणारा आवाज दूरवरून येणाऱ्या मोटारसायकलच्या आवाजासारखा वाटतो, हे पक्षीनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पिंजऱ्यातील बटनक्वेलच्या निरीक्षणांत मादी नराला चोचीतून खाद्य देतानाही दिसली आहे. अंडी नर सुमारे 12 दिवस उबवतो आणि पिल्ले जन्मल्यावर लगेच त्याच्यामागे पळू लागतात. डार्विनने 1871 मध्ये लैंगिक निवडीचा सिद्धान्त सविस्तर मांडला, तेव्हा बटनक्वेल आणि पाणलावा या दोघांची उदाहरणे त्याने घेतली होती. भारतात बटनक्वेलच्या माद्या झुंजीसाठी पकडून पाळल्या जात, ही पक्षिअभ्यासक जर्डन यांच्या लिखाणातील माहितीही त्याने वापरली. म्हणजे हा विषय अभ्यासकांसमोर आला तो सुरुवातीपासूनच आपल्या पक्ष्यांना बरोबर घेऊन.

येथे साहजिकच एक शंका येते: या माद्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे सहसा नरांशी जोडले जाणारे संप्रेरक, नरांपेक्षा जास्त असणार का? तसे नाही. मेक्सिको व मध्य अमेरिका भागातील कमळपक्ष्याच्या जातीत माद्यांमधील टेस्टोस्टेरॉन प्रियाराधन करणाऱ्या नरांपेक्षा कमी आणि अंडी उबवणाऱ्या नरांच्या पातळीजवळ आढळले. फॅलारोप नावाच्या किनारपक्ष्यांत, ज्यांच्यापैकी लाल मानेचा फॅलारोप हिवाळ्यात अरबी समुद्रावर असतो, विणीच्या काळात मादी अधिक रंगीत असते. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की त्यांची झगमगीत पिसे टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावानेच उगवतात. मात्र फरक रक्तातील मात्रेपेक्षा त्वचा त्या संप्रेरकाला कसा प्रतिसाद देते यात अधिक आहे. उबवण्याशी संबंधित प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मात्र नर फॅलारोपमध्ये मादीपेक्षा जास्त सापडले. आफ्रिकेतील काळ्या भारद्वाजाच्या मेंदूतही असाच धागा मिळतो: आक्रमक वागणुकीशी जोडलेल्या एका भागात टेस्टोस्टेरॉन ग्रहण करणाऱ्या घटकांची निर्मिती मादीत नराहून अधिक असते. उत्क्रांतीने दोन लिंगांची संप्रेरके अदलाबदल केलेली नाहीत. तेच संप्रेरक, पण ते कोठे आणि किती जाणवावे, यात बदल झाला आहे.

आता कारणांकडे. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये मांडले की, संततीवर जे लिंग अधिक खर्च करते त्याच्यासाठी दुसऱ्या लिंगात स्पर्धा होते. अंडे मोठे आणि महाग, म्हणून सुरुवातीलाच मादीचा खर्च जास्त, आणि म्हणून बहुतेक प्राण्यांत नर झगडतात. परंतु अंड्यानंतरचा खर्च, म्हणजे उबवणे, रक्षण करणे आणि वाढवणे, जर नराने इतका उचलला की एका विणीमागे त्याचा वेळ मादीच्या वेळेहून जास्त जाऊ लागला, तर पारडे फिरते. पुढे टिम क्लटन-ब्रॉक आणि अमांडा व्हिन्सेंट यांनी 1991 मध्ये हीच गोष्ट मोजता येईल अशा रूपात मांडली: ठरावीक काळात कोणते लिंग अधिक संतती निर्माण करू शकते ते पाहा, जे वेगवान, तेच स्पर्धा करेल. कमळपक्ष्याला हे लावून पाहा. एक नर चार अंड्यांसाठी 26 दिवस आणि त्यानंतर पिल्लांसाठी आणखी कित्येक आठवडे अडकतो, मादी दहा-बारा दिवसांत मोकळी होते. त्यामुळे एखाद्या दिवशी तळ्यावर मोकळे नर कमी आणि अंडी देण्यास तयार माद्या जास्त असतात, आणि माद्या भांडतात. उत्तर अमेरिकेतील ठिपकेदार सँडपायपर या पक्ष्याची मादी सुमारे 40 दिवसांत चार-चार अंड्यांच्या पाच विणी घालू शकते. एवढी अंडी ती एकटी उबवू शकणार नाही, आणि एक नरही शकणार नाही.

पण हे स्पष्टीकरण मूळ प्रश्न फक्त एक पायरी मागे ढकलते: नराने मुळात एवढा भार का उचलला? यावर अजूनही मतभेद आहेत आणि ते मी लपवणार नाही. काही गोष्टी मात्र बऱ्यापैकी पक्क्या आहेत. किनारपक्षी आणि त्यांच्या नातलगांत पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा डोळे उघडे, अंगावर लव, आणि स्वतः टिपून खाण्याची क्षमता असते. त्यांना चोचीत भरवावे लागत नाही, म्हणून एकच पालक पुरतो. विणीत अंडी चारच, त्यामुळे मादीकडे अन्न मुबलक असताना अधिक अंडी देण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे दुसरी वीण. घरटी वारंवार नष्ट होतात, आणि जी मादी पटकन नवी अंडी देऊ शकते तिला आणि तिच्या नराला दोघांनाही त्याचा फायदा होतो. यात नराने घरटे सोडले तर त्याचे सर्वच जाते, कारण मादी परत येणार नाही हे जवळपास निश्चित असते. आणि काही पिल्ले दुसऱ्याची निघाली तरी बहुतेक त्याचीच असतात. यामुळेच पितृत्वाची शंका असूनही तो टिकून राहतो. 2013 मध्ये आंद्राश लिकर आणि तमाश सेकेली यांच्या गटाने किनारपक्ष्यांच्या जातींची तुलना करून दाखवले की, जेथे प्रौढ नरांची संख्या माद्यांहून जास्त असते तेथे भूमिका उलटण्याची शक्यता वाढते. नर जास्त म्हणजे नराला दुसरी मादी मिळणे अवघड, आणि मादीला दुसरा नर मिळणे सोपे. मला स्वतःला हा दुवा सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण तो नराला ‘बिचारा’ न ठरवता त्याच्या बाजूनेही हिशेब मांडतो.

पिल्ले लवकर स्वावलंबी होतात म्हणून असे घडते, या नियमाला वर उल्लेखलेला काळा भारद्वाज अपवाद आहे. आपल्या बागांतील भारद्वाजाचा हा आफ्रिकी भाऊबंद. त्याची पिल्ले उघडीबोडकी आणि पूर्णपणे परावलंबी जन्मतात, तरीही घरटे बांधणे, उबवणे आणि भरवणे ही सर्व कामे एकटा नर करतो, आणि मादी अनेक नरांसह मोठे क्षेत्र राखते. इतकी परावलंबी पिल्ले आणि असे बहुपतित्व एकत्र असणारा हा पक्षीजगतातील एकमेव ज्ञात पक्षी आहे. त्या ओल्या गवताळ प्रदेशात कीटक व बेडूक इतके मुबलक असतात की एकट्या नराला भरवणे झेपते. आपल्या भारद्वाजात मात्र जोडी टिकून राहते. जवळच्या नातलगांत इतका फरक असणे यावरून कळते की परिस्थिती बदलली की ही वाटणी तुलनेने लवकर बदलते.

समुद्रघोड्याविषयी मूळ प्रश्नात विचारले आहे, आणि तेथेच सर्वांत मोठी फसगत होते. समुद्रघोड्याचा नर पिशवीत अंडी घेतो, त्यांना प्राणवायू पुरवतो आणि पिल्लांना जन्म देतो. त्याहून अधिक पितृत्व कल्पनेत येणार नाही. तरीही अमांडा व्हिन्सेंट यांच्या अभ्यासांत जोडीदारासाठी अधिक स्पर्धा करताना दिसले ते नरच. जोडी बहुधा एकनिष्ठ असते, आणि नर पिल्ले सोडून मोकळा होतो तोवर मादीची पुढची अंडी तयार होत असतात. त्याच कुळातील पाइपफिशच्या काही जातींत, जेथे एका नराच्या पिशवीत बसतील त्याहून अधिक अंडी मादी त्याच काळात तयार करू शकते, तेथे माद्या अंगावर तात्पुरते ठळक पट्टे आणून नरांसमोर मिरवतात आणि एकमेकींशी स्पर्धा करतात, व नर मोठ्या माद्या निवडतात. गर्भ वाहणारा नर दोन्हीकडे आहे. भूमिका मात्र एकीकडेच उलटली आहे.

आणि ही भूमिका एका जातीत कायमची ठरलेली असते असेही नाही. युरोपच्या किनाऱ्यावरील दोन ठिपक्यांच्या गोबी माशात हंगामाच्या सुरुवातीला नर माद्यांमागे फिरतात. उन्हाळा सरत येतो तसे नर कमी होत जातात, आणि मग माद्या नरांसमोर मिरवू लागतात. स्वीडनमधील हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील एका नाकतोड्याच्या जातीत नर समागमाच्या वेळी मादीला पौष्टिक गोळा देतो. खाद्य असलेले परागकण भरपूर असताना नर झगडतात. परागकण तुटपुंजे झाले की तो गोळा मिळवण्यासाठी माद्या झगडतात. खाद्य बदलून हे दोन्ही प्रकार प्रयोगाने घडवून आणता आले आहेत.

जे वाचक आपल्या परिसरातील तळ्यावर हे पाहू इच्छितात त्यांच्यासाठी काही सूचना. कमळपक्ष्याच्या विणीच्या काळात घरट्यावरील नराला हलवू नये, कारण त्याच्या जागी येऊन बसणारी मादी नसते. तो दूर राहील तेवढा वेळ अंडी उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडी राहतात. होडीने जवळ जाऊन छायाचित्रे घेणे टाळावे आणि काठावरून दुर्बिणीने पाहावे. एका वेळी दोन-तीन पक्षी एकत्र दिसले, तर आधी आकाराची तुलना करावी, आणि मोठा पक्षी कोणाला हुसकावतो व कोणाला आपल्या क्षेत्रात राहू देतो हे टिपावे. मोठी मादी दुसऱ्या मोठ्या पक्ष्याला हाकलते पण लहान पक्ष्यांना राहू देते, हे थोड्याच वेळात लक्षात येते. ओरडणारा पक्षी लहान आहे की मोठा, त्याच्या ओरडण्यानंतर मोठा पक्षी त्याच्याकडे जातो का, आणि पिल्लांसोबत नेमका कोण आहे, या तीन नोंदी प्रत्येक भेटीत केल्या, तर एका पावसाळ्यात त्या तळ्यावर किती माद्या आणि प्रत्येकीकडे किती नर आहेत याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह नकाशा हाती येतो. पाणलाव्यासाठी मात्र कानांवर अवलंबून राहावे लागेल: संध्याकाळनंतर भातखाचरांच्या दिशेने येणारे घुमणारे आवाज किती ठिकाणांहून येतात हे मोजावे, आणि ते मोजताना आपण माद्या मोजत आहोत हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे.